साडूंचं औषध आणि माझी न थांबणारी लाइन

ही हकीकत मी इतकी वर्षं कुणालाच सांगितली नाही, असं लिहायला बसलो होतो. पण ते खरं नाही. मी ती पुष्कळ ठिकाणी सांगितली आहे. लग्नाच्या पंगतीत सांगितली, निगडीच्या बागेतल्या बाकावर सांगितली, एकदा तर हातात माइक धरून भरल्या सभागृहात सांगितली. प्रत्येक वेळी तिच्यात साडू होते, ताई होत्या, डॉक्टरीणबाई होत्या, ते नवं औषध होतं. फक्त मी नव्हतो. सगळ्या प्रकरणात जो माणूस सर्वांत जास्त बोलला, तोच गोष्टीतून गायब. इतकं सफाईदार काम मी नोकरीतसुद्धा कधी केलं नव्हतं.

खरी हकीकत सांगायचं मात्र टाळलं. आधी साडू आजारी होते म्हणून, मग ते गेले म्हणून, मग उगाच जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या म्हणून. टाळणाऱ्याला कारणं कमी पडत नाहीत. आता वय असं झालंय की मला टाळायला फार वेळ उरलेला नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे मिस्टर. त्या बहिणीला बायको ताई म्हणायची, म्हणून मीही ताई म्हणायचो. आम्ही सगळे बार्शीकडचे. साडू आधी पिंपरीत आले, मशीन शॉपला चिकटले, आणि मग मला बोलावून घेतलं. त्यांच्याच खोलीवर राहून मी नोकरी शोधली. पुढे चाकणला कंपन्या उभ्या राहिल्या तशी मी तिकडे उडी मारली, सुपरवायझर झालो आणि निगडी प्राधिकरणात फ्लॅट घेतला. साडू थेरगावातच राहिले, डांगे चौकाच्या मागच्या गल्लीत. मी प्राधिकरणात राहायला गेल्यापासून दोन्ही घरांचा सल्लागार झालो. कुणी नेमलं नव्हतं. पण प्राधिकरणातल्या माणसाला असं कुणी नेमावं लागत नाही.

माझ्या नोकरीबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे, कारण पुढचं सगळं तिथूनच आलं. आमच्याकडे गाड्यांचे दरवाजे बनायचे. लाइनवर ठरावीक अंतरावर लाल बटण होतं. वर मराठीत पाटी होती: ‘दोष दिसताच लाइन थांबवा. हा तुमचा अधिकार आहे.’ परदेशी पाहुणे आले की साहेब त्यांना ती पाटी दाखवायचे, आणि पाहुणे माना डोलवायचे. प्रत्यक्षात बटण दाबणाऱ्याला संध्याकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून, लाइन का थांबली याचं उत्तर द्यावं लागायचं. त्यामुळे तो अधिकार कुणी वापरत नसे. वेल्ड कच्चा दिसला तर त्यावर खडूनं खूण करायची आणि दरवाजा पुढे सोडायचा. पुढे कुणीतरी बघेल. शिफ्ट काढायची, बस. ‘शिफ्ट काढणे’ ही आमच्या पट्ट्यातली सर्वांत मोठी विद्या. माझी लाइन या विद्येत पहिली होती. दर वर्षी ‘न थांबलेली लाइन’ म्हणून माझा सत्कार व्हायचा आणि एक कॅसरोल मिळायचा. आमच्या घरी कॅसरोल कधी विकत घ्यावा लागला नाही.

साडूही याच शाळेतले. लघवीतून रक्त जातंय हे त्यांनी घरात सांगितलंच नाही. ताईंनी बाथरूम धुताना पाहिलं तेव्हा कळलं. मूत्रपिंडात गाठ होती. एक मूत्रपिंड काढलं. सगळं निघालं असं वाटलं. पण वर्षभरानं खोकला लागला आणि फोटोत फुफ्फुसांवर ठिपके दिसले.

हॉस्पिटलमध्ये मी बरोबर गेलो, कारण डॉक्टरांशी कसं बोलायचं ते मला कळतं, असं मीच सर्वांना सांगून ठेवलं होतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. आमच्या मुलीच्या वयाच्या असतील. त्या म्हणाल्या, “काका, आता आपण इम्युनोथेरपी देणार आहोत. हे केमोसारखं नाही. हे औषध गाठीला हातसुद्धा लावत नाही.”

“मग काय उपयोग?” मी लगेच विचारलं. डॉक्टरांशी बोलायचं कळतं ते असं.

त्या हसल्या. म्हणाल्या, “गाठीला मारायचं काम तुमच्याच पांढऱ्या पेशी करतात. त्या पहाऱ्यावर असतात. समोर आलेली पेशी आपली की परकी, हे तपासतात. आपली पेशी एक खूण दाखवते, हात पुढे करते म्हणा. तो हात हातात आला की पहारेकरी समजतो, हा आपला माणूस, आणि पुढे जातो. कॅन्सरच्या पेशी लबाड असतात. त्याही तसाच हात पुढे करायला शिकतात. हे औषध मध्ये जाऊन बसतं आणि हात मिळवू देत नाही. मग पहारेकऱ्याला कळतं की काहीतरी गडबड आहे.”

साडू खुर्चीत पुढे सरकले. ते म्हणाले, “म्हणजे चोरानं आमच्याच कंपनीचा युनिफॉर्म घातला होता म्हणा की.”

“अगदी तसंच,” बाई म्हणाल्या. “पण आता नीट ऐका. सगळ्यांना याचा गुण येतोच असं नाही. ज्यांना येतो त्यांना पुष्कळदा तो टिकतो. आणि पहारेकऱ्यांना मोकळं सोडलं की कधीकधी ते आपल्याच लोकांना झोडपतात. आतड्याला, फुफ्फुसाला, यकृताला, कातडीला. म्हणून जुलाब लागले, धाप लागली, अंगावर पुरळ आलं, काहीही झालं, तर लगेच फोन करायचा. बाहेरच्या कुठल्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. गरज पडली तर आपण डोस थांबवू, स्टिरॉइड देऊ. वेळेत कळलं तर बहुतेक वेळा आटोक्यात येतं.”

ताईंनी मान हलवली. “लगेच फोन,” असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या. त्या एवढ्या मोठ्या बोलण्यातला एकच शब्द माझ्या कानात अडकला: थांबवू.

करोना नुकताच ओसरला होता. तेव्हा आमच्या भागात प्रत्येक घरात एक तरी इम्युनिटीचा जाणकार तयार झालेला होता. साडूंच्या औषधाची बातमी बागेतल्या आमच्या बाकावर पोचली आणि सगळ्यांना उत्साह आला. एकानं गुळवेल आणून दिली. एकानं हळद-मिरे-सुंठ असा स्वतःचा काढा सांगितला, जो पिऊन त्याला स्वतःला दोनदा करोना झाला होता. “इम्युनिटी वाढवायची आहे ना? मग सुई कशाला टोचून घ्यायची?” हा एकंदर सूर. डॉक्टरीणबाईंनी काढे पिऊ नका असं बजावलं होतं. हे मी बाकावर सांगितलं तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे समजून पाहिलं. डॉक्टर लोकांना काढ्याचं का वावडं असतं, हे त्यांना बरोबर माहीत होतं.

आणि मग औषधानं खरंच काम केलं.

पहिले काही डोस झाल्यावर स्कॅन झाला. ठिपके बारीक झाले होते. काही तर दिसेनासे झाले होते. खोकला गेला. साडू डांगे चौकातल्या मंडईत स्वतः जाऊन भाजी आणायला लागले, आणि घरी येऊन भाव जास्त लावला म्हणून ताईंशी भांडायला लागले. ताई मला फोनवर म्हणाल्या, “भाऊजी, कालपास्नं माझ्याशी दोनदा भांडले. मला इतकं बरं वाटलं.”

श्रेय मी घेतलं. औषध डॉक्टरांनी दिलं होतं आणि लढल्या होत्या साडूंच्या पेशी, पण बाकावर भाषण देणारा मी होतो. मी इम्युनोथेरपीचा प्राध्यापक झालो. रोज सकाळी फेऱ्या झाल्या की लोक जमायचे आणि मी कंपनीच्या गेटचं उदाहरण द्यायचो. गाठ म्हणजे बनावट ओळखपत्र घेऊन शिरलेला माणूस. पांढऱ्या पेशी म्हणजे सिक्युरिटी. औषध म्हणजे नवा हुकूम, की कुणाचं ओळखपत्र बघून सलाम ठोकायचा नाही, तोंड बघायचं.

आमच्यातला एक निवृत्त फिटर म्हणाला, “अहो पण सिक्युरिटीला एवढा अधिकार दिला की तो उद्या प्लांट हेडलाच गेटवर धरून ठेवील ना, राव!”

सगळे हसले. मीही हसलो. डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास समजावून सांगितलेली गोष्ट त्या माणसानं एका वाक्यात सांगितली होती, आणि मी तिला विनोद समजून टाळी दिली.

“पुढचा स्कॅन एकदम क्लीन येणार,” मी बाकावर जाहीर केलं. “लिहून घ्या.”

त्यानंतर साधारण आठवड्यानं साडूंचा फोन आला. आवाज खाली होता. ताई स्वयंपाकघरात असाव्यात.

“साडूभाऊ, पोट बिघडलंय जरा.”

“किती?”

“कालपास्नं पाच-सहा वेळा. आज जास्त.”

“रक्त वगैरे?”

“न्हाई. पण ताकद न्हाई राहिली. ही म्हणती फोन लावू बाईंना.”

पुढचा डोस तोंडावर आला होता. माझ्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. जुलाब सांगितले की डोस थांबणार. डोस थांबला की ठिपके वाढणार. ठिपके वाढले की... हे झालं काळजीचं कारण, आणि ते खोटं नव्हतं. पण त्याच्या खाली आणखी एक होतं. मी बाकावर सांगून बसलो होतो.

“हे बघा,” मी म्हणालो, “आत्ता सांगितलं की ते लाइन थांबवणार. एवढी चांगली चाललेली लाइन. हा डोस होऊन जाऊ द्या. मग सांगू. मेडिकलमधून जुलाब थांबायची गोळी आणा, दही-भात खा. दोन दिवस काढायचे फक्त.”

“बाईंनी गोळ्या घेऊ नका म्हटलं होतं.”

“त्या सगळ्यांनाच तसं म्हणतात. ताईंना फोन द्या.”

ताई फोनवर आल्या. म्हणाल्या, “भाऊजी, मी लावती बाईंना. त्यांनी सांगितलं होतं.”

“ताई, लावू नका. काही नाहीये ते. रविवारी जेवायला काय केलं होतं?”

“येसराची आमटी.”

येसर हा आमच्याकडचा मसाला. ताईंच्या हातचा येसर आमच्या सगळ्या नात्यात नावाजलेला. दर उन्हाळ्यात त्या धान्य भाजून तो दळून आणायच्या आणि घरोघर डबे पाठवायच्या. माझ्या घरीही डबा होता. मीही रविवारी त्याच येसराची आमटी भुरकून खाल्ली होती आणि माझं पोट ठणठणीत होतं.

“झालं तर मग,” मी म्हणालो. “एवढं तिखट त्या आतड्याला झेपतंय का? तुमच्या आमटीनं झालंय आणि उगाच औषधावर नाव जाईल. डोस थांबला तर जबाबदारी कुणाची, सांगा.”

मग ताई म्हणाल्या, “बरं. तुम्ही म्हणता तसं.”

डोसच्या दिवशी मीच रिक्षा करून साडूंना घेऊन गेलो. दोन दिवस गोळ्या चालू होत्या, त्यामुळे पोट वरवर शांत होतं. तोंड मात्र उतरलं होतं. सुई लावण्याआधी नर्सनं नेहमीप्रमाणे विचारलं, “काका, काही त्रास? ताप, जुलाब, धाप?”

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडू म्हणाले, “न्हाई. सगळं व्यवस्थित.” सलाइन सुरू झालं. मी बाहेर येऊन चहा प्यालो, आणि शिफ्ट निघाली म्हणून मला खरोखर समाधान वाटलं. चाकणला असतो तर कॅसरोल मिळाला असता.

त्यानंतर तीन-चार दिवसांत ते घरातच कोसळले. जुलाबांतून रक्त जात होतं. अंगातलं पाणी संपलं होतं. ताईंनी शेजाऱ्यांना हाक मारून गाडीत घातलं. मी पोचलो तेव्हा साडू आयसीयूत होते आणि डॉक्टरीणबाई बाहेर येऊन विचारत होत्या.

“हे कधीपासून चालू होतं?”

बाईंनी ताईंकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहिलं.

“अहो, एका दिवसात आतडं असं सुजत नाही. आधीपासून असणार. आणि त्यांच्या खिशात जुलाबाच्या गोळ्यांचं पाकीट सापडलंय. त्या गोळ्यांनी सगळं झाकलं गेलं आणि वरून आपण पुढचा डोस दिला. मी लगेच फोन करा म्हणून सांगितलं होतं ना? घरी कोण असतं यांच्याजवळ?”

ताई म्हणाल्या, “मी.”

एवढंच. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. माणूस बसमध्ये ओळखीच्याला सरकून जागा द्यायला सांगताना पाहतो ना, तसं काहीसं. आता तुम्ही बोला, असं. मी पायातल्या चपलांकडे पाहत होतो. एकीचा अंगठा झिजला होता.

मी बोललो मात्र. म्हणालो, “मॅडम, रविवारी घरी तिखट आमटी झाली होती.”

बाई म्हणाल्या, “आमटीनं असं होत नाही, काका.” पण हे वाक्य आमच्या नातेवाइकांपर्यंत पोचलं नाही. आमटी पोचली.

स्टिरॉइड चालू झालं. त्यानं भागेना, तेव्हा आणखी एक कडक औषध दिलं. आधी पहारेकऱ्यांना मोकळं सोडायचं औषध दिलं होतं, आता त्यांना बांधून ठेवायचं देत होते. ताईंनी आयसीयूच्या बाहेर सतरंजी टाकली आणि तिथंच राहिल्या. मुलगा बंगळुरूला नोकरीला. तो विमानानं आला. लिफ्टमधून बाहेर आल्या आल्या त्यानं आईला विचारलं, “आई, तुझ्याकडे नंबर होता ना? एक फोन करता आला नाही तुला?”

ताई म्हणाल्या, “चुकलं रे.”

मी त्या दोघांपासून हातभर अंतरावर उभा होतो. हातात सगळ्यांसाठी आणलेल्या वड्यापावांची पिशवी होती. मी पोराला वडापाव दिला.

साडू वाचले. महिन्याभरानं घरी आले. पण बाईंनी स्पष्ट सांगितलं की हे औषध आता त्यांना पुन्हा देता येणार नाही. आतडं एकदा इतकं पेटलं की परत धोका घेता येत नाही. लवकर कळलं असतं तर कदाचित काही आठवडे थांबून पुन्हा विचार करता आला असता. कदाचित, असंच त्या म्हणाल्या. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. औषध बंद केल्यावरही काहींच्या पांढऱ्या पेशी शिकलेलं विसरत नाहीत, आणि गाठ पुष्कळ दिवस दबून राहते. साडूंच्या बाबतीत काय होईल ते सांगता येत नव्हतं.

एका दुपारी मी थेरगावला गेलो. ताई गिरणीत गेल्या होत्या. साडू गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. स्टिरॉइडमुळे त्यांचा चेहरा गोल झाला होता.

“या साडूभाऊ,” ते म्हणाले. “बघा कसा फुगलोय. लोकांना वाटतंय सासुरवाडीला जाऊन आलो.”

मी हसलो.

“थांबलीच की लाइन शेवटी,” ते म्हणाले.

“मला तसं म्हणायचं नव्हतं हो...”

“मी तुम्हाला दोष देत न्हाई. तोंड मला बी होतं. नर्सनं विचारलं तेव्हा मीच खोटं बोललो. पण मी रोगी होतो, मला औषध बंद होण्याची भीती होती. तुम्हाला कशाची होती?”

बागेतल्या बाकाची, हे उत्तर देण्यासारखं नव्हतं.

साडू म्हणाले, “माझं सोडा. हिला सगळे बोलायलेत. पोरगं नीट बोलत न्हाई. तुमची बायको, हिची सख्खी बहीण, ती बी बोलून गेली. हिनं येसराचा डबा कचऱ्याच्या गाडीत दिला, सगळा. आता घरात मुगाचं वरण आणि भात, मी म्हटलं तरी तिखट करत न्हाई. आणि मला एका शब्दानं म्हणत न्हाई की भाऊजींनी नको म्हटलं होतं. मी पोराला सांगायला गेलो तर म्हणाली, आजारपणात भांडणं नकोत. म्हणून म्हणतो, तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर तुम्ही चोर ठरता. तुम्ही स्वतःहून सांगितलं तर माणूस ठरता.”

“सांगतो,” मी म्हणालो.

“सगळ्यांसमोर.”

“सांगतो म्हटलं ना.”

त्यानंतर ते बरेच दिवस चांगले होते. ठिपके दबून राहिले. एक दिवाळी गेली, नातवाचा वाढदिवस झाला. प्रत्येक प्रसंगाला सगळे जमायचे, साडू माझ्याकडे पाहायचे, आणि मी पुढचा प्रसंग जास्त योग्य असेल असं ठरवायचो. मग ठिपके पुन्हा वाढले. दुसरी औषधं झाली, गोळ्या झाल्या, आणि साडू गेले.

ते माझ्यामुळे गेले का, हे मी बाईंना एकदा एकटा जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, “काका, ते मी सांगू शकत नाही. तेवढ्यावर औषध थांबवूनही वर्षानुवर्षं चांगली राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. सगळे डोस पूर्ण होऊन न राहिलेलीही पाहिली आहेत.” तेव्हा त्याचा निकाल माझ्या हातात नाही, त्यांच्याही नाही. पण ताईंच्या डोक्यावरचं ओझं कुणी ठेवलं, ते सांगायला डॉक्टर लागत नाही.

साडूंच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम बुद्धविहाराच्या सभागृहात झाला. वंदना झाली. मग आदरांजलीची भाषणं. आमच्यात ही चांगली प्रथा आहे, गेलेल्या माणसाबद्दल लोक दोन शब्द बोलतात. वाईट एवढंच की दोन शब्दांवर कुणी थांबत नाही. माझं नाव पुकारलं. समोर पांढऱ्या साडीत ताई बसल्या होत्या, शेजारी मुलगा, पलीकडे माझी बायको. सगळे हजर होते. साडूंनी म्हटलं होतं ना, सगळ्यांसमोर. यापेक्षा जास्त सगळे कधी मिळणार नव्हते.

मी माइक घेतला. साडूंनी मला या शहरात कसं आणलं ते सांगितलं. नव्या विज्ञानाबद्दल बोललो. पहारेकरी पेशी, ओळखपत्र, गेट, सगळं आलं. लोक मन लावून ऐकत होते. आणि मग माझ्या तोंडून जे निघालं ते असं: “बंधूंनो, औषध कितीही चांगलं असलं तरी शिस्त पाहिजे. त्रास झाला की ताबडतोब डॉक्टरांना कळवलं पाहिजे. आमच्या घरात ते झालं नाही. निदान तुमच्या घरात होऊ द्या.”

माना डोलल्या. परदेशी पाहुण्यांच्या डोलायच्या तशाच. दोघी-तिघींनी ताईंकडे वळून पाहिलं. ताईंनी पदर डोक्यावरून थोडा पुढे ओढला. खाली आल्यावर एक गृहस्थ माझा हात हातात घेऊन म्हणाले, “फार मार्गदर्शक बोललात.”

घरी येताना बायको म्हणाली, “तुम्ही एवढं स्पष्ट बोलायला नको होतं. तिला लागलं असेल.” मी म्हणालो, “खरं ते खरं.” हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला होता, पण म्हणालो होतो, म्हणून लिहिलं.

आज हे लिहितोय त्याचं कारण, गेल्या थंडीत ताईही गेल्या. झोपेत, कुणाला त्रास न देता. त्यांच्या मुलानं हे वाचावं. त्याच्या आईनं फोन हातात घेतला होता. माझ्या बायकोनंही वाचावं. आमटीत काही नव्हतं. आणि बागेतल्या बाकावरच्या मंडळींनी वाचावं, म्हणजे त्यांच्या घरी कुणाला हे औषध चालू असेल तर ते माझ्यासारख्या जाणकाराला विचारणार नाहीत, डॉक्टरांना विचारतील.

ताई जाण्याच्या काही आठवडे आधी मी थेरगावला गेलो होतो. या वेळी नक्की, असं ठरवून. बसमध्ये वाक्यं पाठ केली. शेजारच्या माणसानं माझे ओठ हलताना पाहून खिडकीकडे सरकून घेतलं. ताई एकट्या होत्या. त्यांनी पाणी दिलं, चहा टाकला, समोर बसल्या. मला इतका वेळ गप्प पाहून म्हणाल्या, “बोला ना भाऊजी. काहीतरी बोलायला आलाय तुम्ही.”

त्यांना माहीत होतं. मला वाटतं, त्या वाट पाहत होत्या. घाई नव्हती त्यांना. चहा निवला तरी त्यांनी उठून कप उचलला नाही.

मी म्हणालो, “इकडे पाणी रोज येतं का आता?”

“एक दिवसाआड,” त्या म्हणाल्या. जरा वेळानं उठल्या आणि कप घेऊन आत गेल्या.

पाठ केलेलं होतं ते हे: ताई, तुम्ही फोन लावत होता, मी लावू दिला नाही. तुमच्या जेवणानं काही झालं नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. आणि सगळे तुम्हाला बोलत होते तेव्हा मी तिथंच उभा होतो. मला माफ करा.